खिशातल्या चाकूची पारख

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात ‘घरोघरच्या जुन्या वस्तू’ असे एक छोटे प्रदर्शन भरवले होते, ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे. तांब्याचे घंगाळ, पितळी पानदान, अडकित्ते, कंदील, निजामाच्या राज्यातली हाली शिक्क्याची नाणी अशा पुष्कळ वस्तू सभासदांनी हौसेने आणून दिल्या. मुलांसाठी ‘किंमत ओळखा’ असा खेळ ठेवला होता. प्रत्येक वस्तूसमोर एक डबा, आणि डब्यात आपल्या अंदाजाची चिठ्ठी टाकायची. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते.

एका टेबलावर दोन घडीचे चाकू शेजारी शेजारी ठेवले होते. पहिला अमेरिकेतला. एका सभासदांचा मुलगा पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे, त्याने वडिलांना पाठवलेला. पिवळीधमक मूठ, तीन पाती, सोबत डबी आणि कागद. दुसरा चाकू मोसंबीचे डोळे भरायचा. मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, पाते झिजून झिजून अर्ध्यावर आलेले, नाव-शिक्का काहीच नाही. तो मागच्या ओळीतल्या आजोबांचा. आजोबांनी उभे आयुष्य अंबड-घनसावंगी भागातल्या रोपवाटिकांमध्ये डोळे भरण्यात घालवले.

अमेरिकन चाकूच्या चिठ्ठ्यांवर पाच हजार, दहा हजार, एकीवर तर एक लाख लिहिलेले निघाले. दुसऱ्या डब्यातून दहा रुपये, वीस रुपये असे आकडे निघाले. एका चिठ्ठीवर एकच शब्द होता : ‘भंगार’. मी तोही वाचला. सगळे हसले, मीही हसलो. आजोबा समोरच्याच खुर्चीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठले, चाकू उचलला, मिटला, खिशात घातला आणि घरी गेले.

ती चिठ्ठी वाचल्याची रुखरुख मनात राहिली. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवले, की याच विषयावर लिहावे. चाकू चांगला कशावरून म्हणायचा आणि त्याची किंमत कशावरून ठरते, या दोन गोष्टी एक आहेत का वेगळ्या? पोरांनी विचारले होते, “काका, दोन्हींत भारी कोणता?” त्याचे उत्तर द्यायला थोडे इतिहासात जावे लागते.

शेफील्डहून अमेरिकेत

चाकू म्हटले की आपल्याला हिंदी सिनेमातला रामपुरी आठवतो. इथे त्याचा संबंध नाही. इथे बोलतोय ते कामाच्या चाकूबद्दल. दोरी कापायची, फळ सोलायचे, कलम बांधायचे, पेन्सिलीला टोक काढायचे, असा माणसाच्या खिशात पडून असणारा चाकू. याला खटका किंवा कुलूप नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमान बसवलेली असते आणि तिच्या दाबावर पाते उघडे राहते किंवा मिटून राहते. सगळी करामत त्या कमानीची.

असे चाकू बनवण्यात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे नाव दोन-अडीचशे वर्षे गाजत होते. जोसेफ रॉजर्स ही तिथली नामांकित पेढी. तारा आणि क्रॉस ही तिची खूण. तिचा माल हिंदुस्थानातही येत असे. अमेरिकेतले शेतकरीसुद्धा एकोणिसाव्या शतकात बहुतेक शेफील्डचाच चाकू वापरत. ‘बार्लो’ नावाचा साधा, दणकट घडीचा चाकू मूळचा शेफील्डचा. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ या 1876 च्या कादंबरीत टॉमला असा बार्लो चाकू बक्षीस मिळतो. त्याला धड कापता येत नाही, तरी पोराला आभाळ ठेंगणे होते, कारण चाकू ‘खरा बार्लो’ असतो. खरा कोणता आणि नकली कोणता हा वाद तेव्हाही होता, हे यातून कळते.

1890 मध्ये अमेरिकेने मॅकिन्ले कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर जबर जकात बसवली. चाकू-सुऱ्या त्यात सापडल्या. त्याच कायद्याने परदेशी मालावर तो कोणत्या देशात बनला ते लिहिणे सक्तीचे केले. शेफील्डचा माल एकदम महागला आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना दिवस आले. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांतल्या छोट्या छोट्या गावांत चाकूचे कारखाने उभे राहिले. केस मंडळी 1889 मध्ये घोडागाडीतून गावोगाव चाकू विकत फिरत होती. 1905 मध्ये त्यांच्या घराण्याची ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ ही कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला स्थिरावली. ती आजही तिथेच आहे. आपल्या प्रदर्शनातला पिवळा चाकू तिचाच.

अमेरिकन चाकू कसा पारखतात

तिकडचे जाणकार चाकू हातात घेतल्यावर आधी नाव बघत नाहीत, पाते उघडून बघतात. उघडताना त्याची ‘चाल’ आणि मिटताना त्याचा ‘बोल’ ते तपासतात. पाते एकसारख्या जोराने उघडले पाहिजे, मध्येच ढिले, मध्येच घट्ट असे नको. मिटताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यावा. आवाज बोदा आला तर कमान कमजोर किंवा आत घाण साठलेली. नखाने ओढायची खाच इतकी अवघड नसावी की नख मोडेल.

मग पाते उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचे. हलले तर खिळा सैल आहे. चाकू उजेडासमोर धरायचा. कमान आणि मुठीच्या मधून उजेड दिसला तर फट आहे, म्हणजे जुळणीत घाई झाली. कमान पाठीच्या रेषेत सपाट बसली पाहिजे, पाते उघडे असतानाही आणि मिटलेले असतानाही. पाते मिटल्यावर मुठीच्या मधोमध यावे, बाजूच्या पितळी पत्र्याला घासू नये आणि त्याची धार आत कमानीवर आपटू नये. आपटली तर प्रत्येक मिटण्याला धारेचा तेवढा भाग बोथट होत जातो. यातली एकही गोष्ट दुकानातल्या काचेतून दिसत नाही. चाकू हातातच घ्यावा लागतो.

यानंतर पोलाद. जुन्या पद्धतीच्या अमेरिकन चाकूंत दोन प्रकार जास्त. एक साधे कार्बन पोलाद. त्यातल्या ‘1095’ जातीत कार्बन सुमारे 0.95 टक्के असतो. याला धार चटकन लागते आणि छान लागते, पण ओले ठेवले की गंजते. वापरता वापरता पात्यावर निळसर-करडी झाक येते. तो दोष नाही, उलट त्या झाकेखाली गंज कमी चढतो. दुसरे स्टेनलेस. त्यात सुमारे 13 टक्के क्रोमियम असते, गंजत नाही, पण 1095 च्या मानाने कार्बन निम्म्याच्या आसपास. चमक जास्त म्हणजे पोलाद भारी, असा आपला समज असतो. चाकूच्या बाबतीत तो पुष्कळदा उलटा पडतो.

मूठ ही तिसरी गोष्ट. जुन्या शेफील्ड आणि अमेरिकन चाकूंत एक मानाची मूठ सांबराच्या शिंगाची, आणि हे सांबरशिंग जायचे हिंदुस्थानातून. सांबर दरवर्षी शिंगे टाकते, ती गोळा करून बोटीने रवाना होत. पुढे भारताने ही निर्यात बंद केली. शिंग महाग पडू लागले तेव्हाच गुरांच्या नडगीच्या हाडावर खाचा पाडून ते शिंगासारखे खडबडीत दिसावे अशी युक्ती निघाली होती. आज तीच खाचेरी हाडाची मूठ अमेरिकन चाकूची ओळख झाली आहे. पिवळी प्लॅस्टिकसारखी मूठ मात्र शेतकऱ्याची. गवतात पडली तरी लगेच दिसते.

केसच्या चाकूवर आकडेही असतात आणि ते वाचता येतात. आपल्या प्रदर्शनातल्या पात्यावर ‘3318’ होते. पहिला 3 म्हणजे पिवळी मूठ, दुसरा 3 म्हणजे तीन पाती, 18 हा साच्याचा क्रमांक. हाडाची मूठ असती तर सुरुवात 6 ने झाली असती. हा तीन पात्यांचा घाट गुरे पाळणाऱ्यांसाठी निघाला. एक पाते सर्व कामाचे, एक सरळ कापायचे आणि एक बोथट टोकाचे, ते वासरांच्या खच्चीकरणासाठी. म्हणजे हाही शेवटी शेतकऱ्याचाच चाकू.

नाव तेच, माल दुसरा

इथपर्यंत झाला दर्जा. किंमत ही वेगळीच भानगड आहे.

केसने 1970 पासून पात्याच्या बुडाशी नावाखाली दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी केला. 1979 ला एक उरला. 1980 पासून अक्षरांचे वळण बदलून पुन्हा दहापासून उतरती मोजणी सुरू झाली. त्यामुळे ठिपके मोजून चाकूचे साल सांगता येते. या सोयीमुळे गोळा करणाऱ्यांची झुंबड उडाली. अमुक सालचा, अमुक मुठीचा चाकू आपल्याकडे नाही म्हणून माणसे दुप्पट-चौपट पैसे मोजू लागली.

या बाजारात एक गंमत आहे. ज्या चाकूने कधी काहीच कापले नाही, जो डबीतून बाहेर आला नाही, त्याला सगळ्यांत जास्त भाव. एकदा धार लावली की भाव उतरला. कोणी हौसेने जुने पाते घासूनपुसून चकाचक केले तर आणखी उतरला, कारण घासताना शिक्का पुसट होतो आणि मूळचे पोलाद जाते. म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने चाकूचे सार्थक ज्या गोष्टीत, तीच संग्राहकाच्या दृष्टीने खोट! दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एकाचा मापदंड दुसऱ्याच्या वस्तूला लावला की घोळ होतो.

दुसरा घोळ नावाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलचा श्रेड कारखाना 2004 मध्ये बंद पडला, कॅमिलसचा 2007 मध्ये. स्वस्त परदेशी मालापुढे ते टिकले नाहीत. ज्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे कामाला होती ते उठले, पण नावे विकली गेली. आज त्याच नावांचे चाकू चीनमधून बनून येतात. म्हणून अमेरिकेतला जुना जाणकार गिऱ्हाइकाला सांगतो, की नाव वाचून थांबू नकोस, खाली ‘यूएसए’ आहे का तेही बघ, आणि ते वाचूनही थांबू नकोस, पाते उघडून बघ. अर्थात सगळे कारखाने बुडाले असे नाही. 1859 मध्ये ज्या टायटसव्हिलजवळ अमेरिकेतली पहिली प्रसिद्ध तेलविहीर खोदली गेली, त्याच गावात 2006 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न कटलरी’ नावाची नवी कंपनी जुन्या पद्धतीचे चाकू करायला बसली. तिच्या मालासाठी लोक वाट बघतात. कारागिरी शिल्लक असली आणि गिऱ्हाईक जाणते असले की धंदा पुन्हा उभा राहतो, एवढे त्यातून दिसते.

आपल्याकडचे पोलाद

आता घरी येऊ. आपला तालुका 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यात, आपल्याच गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे मुशीत पोलाद वितळवत. लोखंड आणि वनस्पतींचा भाग मातीच्या मुशीत बंद करून ती भट्टीत तासन्‌तास तापवायची आणि सावकाश थंड होऊ द्यायची. तयार होणाऱ्या वडीत दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असे. इराणचे व्यापारी या पोलादासाठी तिथे येऊन राहत. इंग्रज याला ‘वूट्झ’ म्हणत. कानडी-तेलुगूतल्या ‘उक्कु’ या शब्दाचे ते रूप मानले जाते.

लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर. वर्षानुवर्षे तुलना करून त्याने आपल्या जाहिरातीतच सांगून टाकले होते, की युरोपच्या उत्तम पोलादापेक्षा मला हिंदुस्थानचे वूट्झ पसंत आहे. विजेच्या शोधांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरडेने 1819 मध्ये या पोलादाचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि नंतर स्टोडार्टबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. ज्या पोलादाचे गुपित शोधायला फॅरडे बसला, ते आपल्याच मुलखात बनत होते. पुढे स्वस्त विलायती पोलाद आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या भट्ट्या थंड पडल्या.

आज आपला जिल्हा पोलादासाठीच ओळखला जातो. जालन्याच्या मिलमधली सळई महाराष्ट्रभर जाते. आपल्या सोसायटीच्या स्लॅबमध्येही सळईच आहे. पण त्या सळईचा चाकू होत नाही. घर बांधायला वाकेल पण तुटणार नाही असे, कमी कार्बनचे पोलाद लागते. त्याला तापवून पाणी दिले तरी धार टिकेल इतके ते कडक होत नाही. म्हणून आपले लोहार चाकू-विळ्यासाठी ट्रकचा जुना कमानपाटा शोधतात. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून जास्त असतो. शाणेवर धरला की ठिणगी फुटून तिला फाटे येतात, सळईची ठिणगी साधी लांब रेघ मारून विझते. कुठलेही यंत्र न लावता लोहार ठिणगीवरून पोलाद ओळखतो.

मग पाणी देणे. पाते भट्टीत किती लाल झाले, ते पाण्यात किती आणि कसे बुडवायचे, आणि नंतर पुन्हा थोडे तापवून त्याचा ताठा किती उतरवायचा, हे सगळे नजरेवर. जास्त कडक झाले तर धारेचे कपचे उडतात, कमी झाले तर धार वळते. केसच्या नावापुढे जे दोन फुलीसारखे ‘एक्स एक्स’ असतात, तीही पाते या तापवण्याच्या कामातून दोनदा गेल्याची खूण, असे ती कंपनी सांगते. म्हणजे ब्रॅडफर्ड काय आणि आपल्या बाजारातला भाता काय, पारख शेवटी पाण्याचीच.

डोळे भरायचा चाकू

आपल्याकडे घडीच्या चाकूचे सगळ्यांत नाजूक काम मोसंबीत आहे. मोसंबीचे नाव आले मोझांबिकवरून, पण आज ‘जालना मोसंबी’ला स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे. तिची सुरुवात होते ती चाकूच्या टोकावर.

जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले, की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीवर इंग्रजी ‘टी’सारखी चीर द्यायची. चांगल्या मोसंबीच्या फांदीवरून ढालीच्या आकाराची साल डोळ्यासकट काढायची, चिरेत सरकवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. साधारण तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला.

सालीच्या खाली एक पातळ ओला थर असतो. झाडाची वाढ तिथून होते. डोळ्याचा तो थर आणि रोपाचा तो थर एकमेकांना भिडले तरच जीव धरतात. चाकू बोथट असेल तर हा थर कापला न जाता चेचला जातो. वरून दिसत काही नाही. म्हणून या चाकूची धार वेगळी असते. पात्याची एक बाजू सपाट आणि दुसऱ्याच बाजूने उतार दिलेला, त्यामुळे काप सरळ आणि गुळगुळीत येतो. साल न फाटता उचलायला मुठीच्या टोकाला हाडाची किंवा पितळेची बोथट पट्टी. पाते अस्वच्छ असले तर एका झाडाचा रोग दुसऱ्याला जातो, म्हणून ते वरचेवर औषधाच्या पाण्यात बुडवायचे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी एका हिवाळ्यात पैसे वाचवायला स्वतः डोळे भरायचे ठरवले आणि बाजारातून एक चकचकीत चाकू आणला. दिसायला देखणा, दर अगदी कमी. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर निम्म्याहून जास्त डोळे काळे. हंगाम गेला, वर्ष गेले. मोसंबीला चांगले फळ धरायला लावणीनंतर पाचेक वर्षे लागतात, म्हणजे त्या चाकूने आमचे उत्पन्न एक वर्ष पुढे ढकलले. दुकानात वाचवलेले पैसे आम्ही असे फेडले. पुढच्या हिवाळ्यात वडिलांनी जाणत्या माणसाला बोलावले. ते मागच्या ओळीतले आजोबाच. तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यांनी भरलेले डोळे लागले आणि त्या बागेवर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली. चिठ्ठी वाचून हसताना मला हे आठवायला पाहिजे होते.

2012-13 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालूनही झाडे वाचली नाहीत, अनेकांनी कुऱ्हाड लावून बागा सरपणाला काढल्या. आमचीही गेली. ज्यांच्या हातांनी ती झाडे उभी केली, त्यांच्या चाकूला त्यानंतर काम कमी होत गेले.

आजोबांची पारख

प्रदर्शनानंतर चार दिवसांनी मी पिवळा चाकू मागून घेतला आणि आजोबांच्या घरी गेलो. आधी चिठ्ठीबद्दल माफी मागितली.

ते म्हणाले, “लेकरंच ती. त्यांना काय माहीत? पण तुम्हाला माहीत होतं, गुरुजी.”

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हते. मी अमेरिकन चाकू पुढे केला. त्यांनी चष्मा चढवला, पाते उघडले, मिटले, कानाशी नेऊन पुन्हा मिटले. उजेडासमोर धरून पाहिले. पाते अंगठ्याने बाजूला दाबले. मी वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या, कुणी न सांगता, त्याच क्रमाने.

“काम चोख आहे,” ते म्हणाले. “कमान चांगली. पोलादही धार धरणारं दिसतंय. करणारानं मन लावून केलाय.”

“मग डोळे भरायला चालेल?”

“छे! ह्याला धार दोन्हीकडून हाय. डोळा काढताना चाकू आत शिरंल नाहीतर वर निसटंल. दोरी कापा, वैरणीची पेंढी सोडा, त्याला एक नंबर. ज्याचं काम त्यानं करावं.”

मग त्यांनी खिशातून आपला चाकू काढला. पाते अर्ध्यावर आले होते, पण धारेची रेघ टोकापर्यंत एकसारखी होती, कुठे दाता नाही. ट्रकच्या पाट्याचे ते पाते एका लोहाराने करून दिलेले. तो लोहार गेला, त्याची मुले दुसऱ्या धंद्याला लागली. आजोबांनी ते पाते कधी चाकावर धरू दिले नाही. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर पाते तापून निळे पडले, की त्याचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही. ते घरी दगडावर, पाणी टाकून, हाताने लावायचे.

“किती झाडं झाली असतील याच्यावर?” मी विचारले.

“मोजली नाहीत. पर ह्या भागातून गाडीनं जाताना बाग दिसली की वळून बघतो. आपली असंल का म्हणून.”

मुलांसाठी उत्तर

तर मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. अमेरिकन चाकू खरोखर चांगला आहे. तो नावामुळे किंवा लांबून आला म्हणून चांगला नाही, चाल, बोल, जुळणी आणि पाणी या चारही गोष्टींत तो उतरला म्हणून चांगला आहे. त्याला बाजारात काही हजार रुपये मिळतील. आजोबांच्या चाकूला बाजारात काहीही मिळणार नाही, कारण त्यावर शिक्का नाही, डबी नाही, आणि तो वापरून संपत आला आहे. पण कामाच्या चाकूचा दर्जा विचाराल तर त्याच चार गोष्टींत तोही उतरतो, आणि पाचवी गोष्ट, म्हणजे ज्या कामासाठी केला ते काम, ते त्याने शेवटपर्यंत केले आहे.

सर्व सभासदांना एक विनंती. रंगकाम, आवराआवर करताना ड्रॉवरमध्ये जुना चाकू, अडकित्ता, विळा सापडला तर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. वाळूकागदाने घासून चमकवूही नका. कोरड्या फडक्याने पुसा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा आणि तो कोणाचा, कुठे घेतला, कशाला वापरायचे, एवढे चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे लिहून होईल.

पुढच्या वर्षी वर्धापनदिनाला प्रदर्शन पुन्हा भरवायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. ‘किंमत ओळखा’ ऐवजी ‘काम ओळखा’ असा खेळ ठेवावा, असे मी सुचवले आहे. आजोबांनी चाकू ठेवायला होकार दिला आहे. एक अट घातली : जंबेरीची दोन-चार रोपे आणून ठेवा, पोरांना डोळा कसा भरतात ते दाखवतो. आपल्या बागेच्या कुंपणाकडेला ती रोपे लावायची जागा मी बघून ठेवली आहे.